शिडाखालचं आभाळ

रणजीत आडे पहिल्यांदा माझ्याकडे आला तो जिना बसून चढला. कळमनुरीत मेन रोडला खाली माझ्या भावाचं, साजीदभाईचं, ताडपत्र्या शिवायचं दुकान आहे आणि वरच्या दोन खोल्यांत मी फिजिओथेरपी करते. जिना अरुंद, कठडा एकाच बाजूला. पाय मोडलेली माणसं सहसा खालूनच हाक मारतात आणि मी उतरून जाते. या माणसानं कुबड्या आईच्या हाती दिल्या, पायरीवर पाठमोरा बसला आणि हातांनी रेटत एकेक पायरी मागं सरकत वर आला. घामानं निथळत म्हणाला, "अजरा मॅडम तुम्हीच ना? हिंगोलीत तुमचं नाव सांगितलं."

सव्विसेक वर्षांचा असेल. चेहरा रापलेला, खांदे रुंद, आणि डाव्या पायाची पोटरी उजवीच्या निम्मी. आई शकुंतलाबाई पन्नाशीची, काटक. इसापूर धरणाच्या अंगाला त्यांचा तांडा. बोलणं सगळं तिनंच केलं. पोरगं फौजेत आहे, दक्षिणेत कुठंतरी ड्युटीवर असताना मोटारसायकलवरून पडलं, पायात सळई घातलीय, खांदा निखळला होता तो बसवलाय.

"मिलिटरीचे डाक्टर म्हणतात हाड जुळलं," ती म्हणाली. "जुळलं तर मंग पाऊल वर काहून येत न्हाई बाई? पंजा खालीच ठिवून चालून राहिला, बदकावानी."

मी ऑपरेशनआधीचा एक्स-रे खिडकीशी धरला. मोटारसायकलवरून पडलेले पाय मी आठवड्याला दोन-तीन तरी बघते. नांदेड रोडनं मला तेवढं शिक्षण दिलंय. बहुतेक वेळा हाड आडवं तुटतं किंवा त्याचा चुरा होतो. हे हाड पिळवटून तुटलं होतं. ओलं धोतर पिळताना जशी वळी तिरकी वर चढत जाते, तशी ती रेघ नडगीवर गुंडाळत गेली होती. म्हणजे पाऊल कशात तरी घट्ट अडकलं होतं आणि वरचा माणूस त्याच्याभोवती फिरला होता. शिवाय कमरेवर, दोन्ही बाजूंना, रुंद पट्ट्याचा काळपट वण होता. मोटारसायकलला कसला आलाय पट्टा?

आईसमोर मी काही बोलले नाही. पुढच्या खेपेला आठवडी बाजार होता, त्याला वर सोडून ती भाजी घ्यायला गेली. मी त्याच्या घोट्यावर शेकायची पिशवी ठेवली आणि विचारलं, "गाडी कोणती होती?"

"अं... कंपनीचीच होती. पलटणीची."

"तुमचं पाऊल तिच्यात बांधलेलं होतं का?"

 त्यानं आधी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि एकदम हसला. "मॅडम, तुम्ही पोलिसांत जायला पाहिजे होतं. गाडी नव्हतीच. फळी होती. समुद्रात."

अशी आमची ओळख झाली.

विंडसर्फिंग हा शब्द मी ऐकला होता, पण डोळ्यापुढं काही नव्हतं. त्यानं मोबाईलवर दाखवलं. माणसाएवढी लांब, निमुळती फळी. तिच्यावर मधोमध डोलकाठी, ती बुडाशी सगळीकडे वळते. डोलकाठीला शीड, त्यात मोठी पारदर्शक खिडकी. माणूस फळीच्या मागच्या टोकाला उभा राहतो, पावलं दोन पट्ट्यांत अडकवतो, कमरेच्या पट्ट्याचा हूक शिडाच्या दोरीत घालतो आणि मागं रेलतो. इंजिन नाही, वल्हं नाही. फौजेची शिडाच्या होड्यांची टीम असते आणि रणजीत तिच्यात होता, हेही मला तेव्हाच कळलं.

"आणि करायचं काय?"

"समोर दोन पिवळे फुगे. मधे पाचशे मीटर. तेवढ्यात जितक्या जोरात जाता येईल तितक्या जोरात जायचं. दंडाला जीपीएस बांधलेला. तो सरासरी काढतो."

"म्हणजे किती वेळ लागतो?"

"पंचवीसेक सेकंद."

मला हसू आलं. एवढी सगळी यातायात आणि पंचवीस सेकंद! पण त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. त्यांच्या टीमचा जुना विक्रम एका साहेबाच्या नावावर होता, बरीच वर्षं कुणाला मोडता आलेला नव्हता. रणजीत त्याच्या अगदी जवळ गेला होता.

घरी खोटं का सांगितलं, हे मी विचारलं. "आईला समुद्राचं सांगितलं असतं तर तिनं फौजेत पत्र लिहून मला परत मागवलं असतं," तो म्हणाला. "गाडीवरून कुणीही पडतं. त्यात काही विशेष वाटत नाही." तिला विशेष वाटलं होतं, हे त्याला ठाऊक असूनही तो खरं सांगत नव्हता. तिनं त्याच्या चुलतभावाची, हरिचंदची, मोटारसायकल कुलूप लावून गोठ्यात उभी केली होती आणि किल्ली स्वतःच्या कमरेला. हरिचंद दसऱ्यापासून येष्टीनं फिरत होता.

आता त्याच्या पावलाचं. घोटा आखडलेला होता. त्यासाठी अगदी साधा व्यायाम असतो. पाय सरळ पसरून बसायचं, तळव्याच्या वरच्या भागाभोवती कापडी पट्टा घालायचा आणि पट्टा आपल्याकडे ओढत पंजा वर आणायचा. कुणालाही जमतो. त्याला जमेना. मी हातानं पंजा दाबला की चांगला वर यायचा. पट्टा घातला की तोच पंजा लाकडासारखा. दोन आठवडे मी चक्रावून गेले होते. हाताला वाकणारा घोटा पट्ट्याला का वाकत नाही? सांधा तोच, स्नायू तेच.

"दुखतंय?"

"नाही."

"मग सोडा ना पाय सैल."

"सोडलाय की."

मग एक दिवस मी पायाकडे बघायचं सोडून त्याच्या तोंडाकडे बघितलं. ओठ मिटलेले, नाकपुड्या बंद झाल्यासारख्या, छाती हलतच नव्हती. पट्टा पावलावर बसला की तो श्वास धरायचा आणि पट्टा काढला की सोडायचा. त्याला स्वतःला हे माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर तो थोडा चिडला. "असं काही नाही मॅडम," म्हणाला. आणि लगेच पुढच्या वेळी पुन्हा श्वास धरला.

मी काही मनाची डॉक्टर नाही. पण एक गोष्ट कुणालाही सुचेल. बोलणाऱ्या माणसाला श्वास धरता येत नाही. म्हणून मी ठरवलं की पट्टा पायात असेपर्यंत त्यानं बोलायचं. आणि पट्ट्याचं टोक त्याच्याच हातात द्यायचं. नको वाटलं की सोडून द्यायचं, मी काही म्हणणार नाही.

"काय बोलू?"

"मी विचारते. मला या वाऱ्यातलं काही म्हणजे काही कळत नाही."

हे खोटं नव्हतं. आमच्या भागात कुणी शीड बघितलेलं नाही. हळद शिजवून वाळत घातली की अवकाळी पावसाच्या भीतीनं ताडपत्र्या टाकतात, त्या वाऱ्यानं फुगून उडतात, एवढंच आमचं शिडाशी नातं. तर मी रोज एक प्रश्न काढून ठेवू लागले आणि तो पट्टा ओढत उत्तर देऊ लागला.

पहिला प्रश्न, तांड्यावरचा पोरगा समुद्रात गेलाच कसा. तर भरतीत पास होऊन पुण्याला ट्रेनिंगला गेल्यावर उस्तादानं विचारलं, पोहता कुणाला येतं. हा धरणाच्या कालव्यात पोहलेला, यानं हात वर केला. दुसऱ्या दिवशी त्याला होडीत बसवलं. पहिलं वर्ष शीड कुठून फिरून डोक्यात बसेल याच धास्तीत गेलं. मग एकदा त्याला फळीवर उभं केलं. "मॅडम, होडीत वारा दोरीला लागतो. फळीवर वारा तुमच्या हाताला लागतो. मधे कुणी नाही. लहानपणी खळ्यात आई तिवईवर उभी राहून धान्य उफणायची, मी खालून टोपली द्यायचो. वारा पडला की ती हात थांबवायची. तो कधी येणार ते तिला गालावर कळायचं. मला ते तेव्हा कळत नव्हतं. समुद्रावर कळलं."

दुसरा मोठा प्रश्न माझा मीच काढला होता. त्यानं सांगितलं होतं की चांगला वारा असला की फळी वाऱ्यापेक्षाही जोरात जाते. हे मला पटेना. वाराच ढकलतोय, तर ढकलणाऱ्याच्या पुढं कसं जाईल कुणी?

 तो म्हणाला, "सीताफळ आहे का?"

सीताफळाचेच दिवस होते. खाली साजीदभाईच्या दुकानात टोपली होती. मी एक आणलं. त्यानं गर खाल्ला, एक बी घेतली, अशीच बुळबुळीत, आणि अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून दाबली. बी सुटून थेट भिंतीवरच्या कॅलेंडरला लागली.

"बोटं किती हलली?"

"जराशी."

"आणि बी?"

मी कॅलेंडरकडे बघितलं.

"एक बोट वारा, एक बोट पाणी," तो म्हणाला. "फळीखाली एक पातं असतं, ते पाण्याला धरून ठेवतं, आडवं सरकू देत नाही. वारा एकीकडून दाबतो, पाणी दुसरीकडून. मधे मी. मग निसटायचं पुढंच."

सांगता सांगता त्याचा पंजा दोन बोटं वर आला होता. मी काहीच बोलले नाही, नाहीतर त्याचं लक्ष गेलं असतं. दिवसभर मात्र मी सीताफळाच्या बिया उडवत होते. साजीदभाई वर आला तेव्हा भिंतीवर ठिकठिकाणी चिकट डाग बघून त्यानं विचारलं, हे काय चाललंय? मी त्यालाही दाखवलं.

अपघाताचा प्रश्न मी विचारला नव्हता. तो त्यानं स्वतःच एकदा घेतला. डिसेंबरची सकाळ होती, दुसरं कुणी पेशंट नव्हतं. पट्टा पायात होता, टोक हातात.

"रामेश्वरमच्या पुढं वाळूची लांब जीभ आहे," तो म्हणाला. "तिच्या एका बाजूला लाट नसते, पाणी परातीतल्यासारखं सपाट. आणि वारा दाबून. तिथं आम्ही महिनाभर होतो. त्या दिवशी सकाळपासून वारा वाढत होता. माझ्या आधीच्या धावेत मी साहेबांच्या आकड्याला टेकलो होतो. शेवटची एक, म्हणून परत गेलो. ज्ञानोबा सेफ्टी बोटीत होता, माझा जोडीदार, नांदेडचा. त्यानं हात केला. मी सुटलो."

"आणि?"

"आवाज बंद होतो मॅडम, तेवढ्या जोरात. म्हणजे असतो, पण सगळा मिळून एकच होतो. मला वाटलं, जमलं. आज जमलं. आणि पात्यात काहीतरी आलं. नंतर कळलं, जुन्या जाळ्याचा तुकडा होता, तरंगत आलेला. फळी जागेवर थांबली. मी थांबलो नाही. डावा पाय पट्ट्यात राहिला."

त्याचं बोलणं थांबलं आणि श्वासही. मी म्हटलं, "बोला." त्यानं पट्टा सोडला नाही.

"पाण्यात गेलो आणि शीड वरून पडलं. सपाट. मी खाली, ते वर. खांदा निखळलेला, त्यामुळं हूक काढता येईना. पाऊल अडकलेलं. वर बघतो तर शिडाची ती खिडकी अगदी डोळ्यासमोर, आणि तिच्यातून आभाळ दिसतंय. स्वच्छ. वीतभर अंतरावर. पण शीड पाण्याला असं चिकटलं होतं की मधे हवाच नाही. आभाळ दिसतंय आणि श्वास घेता येत नाही."

"मग काय केलं?"

"शिकवलेलं असतं की शीड हातानं वर रेटायचं, थोडी हवा आत येते. एका हातानं रेटलं. नाकापुरती जागा झाली. एक श्वास मिळाला. मग हात खाली आला. परत रेटलं. ज्ञानोबा येईपर्यंत तेवढंच काम केलं. तो म्हणतो, फार वेळ नव्हता."

मी खिडकी उघडली. खाली मशीन चालू होतं, साजीदभाई कुणाशी तरी ताडपत्रीच्या मापावरून वाद घालत होता.

"पायाचं काही नाही मॅडम," रणजीत म्हणाला. "पण मला वाटतंय, पट्टा बघितला की मी तिथंच जातो."

त्या दिवसानंतर तो कुबडी न घेता यायला लागला. पाऊल हळूहळू वर येत गेलं. पण फळीवर पुन्हा उभं राहायचं का, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. मेडिकल बोर्डापुढं जायचं होतं. ते हाड बघतील, चाल बघतील. बाकीचं कोण बघणार?

संक्रांतीनंतर ज्ञानोबा त्याला भेटायला तांड्यावर आला. सुट्टीवर घरी चालला होता आणि एका जुन्या जीपच्या टपावर शिकाऊ लोकांची एक मोठी, रुंद फळी आणि गुंडाळलेलं शीड बांधून आणलं होतं. टीमनं मोडीत काढलेलं सामान, साहेबांना विचारून घेतलं होतं. त्याच्या मनात काय होतं ते उघड होतं. शकुंतलाबाईंनी चहा दिला आणि सहज विचारलं, "भाऊ, ही फळी कशाची?"

"मावशी, असल्याच फळीवरून पडला ना तुमचा गडी!" ज्ञानोबा म्हणाला.

मग तांड्यावर काय झालं ते मला रणजीतनं नंतर सांगितलं.  आईनं फळीभोवती एक चक्कर मारली. खाली वाकून बघितलं. बोटानं ठोकून बघितलं. "याला इंजिन कुठाय?" एवढं विचारलं. नाही म्हटल्यावर घरात गेली, कमरेची किल्ली काढून हरिचंदच्या हातावर ठेवली आणि दोन दिवस लेकाशी अक्षर बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी ती एकटीच माझ्या जिन्यावर.

"बाई, तुमाला ठाव होतं?"

"होय."

"लेकरानं मला सांगितलं न्हाई आन् तुमाला सांगितलं." ती स्टुलावर बसली. रागावली होती, पण रागावून निघून जायला आलेली नव्हती. पदराचा काठ बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "तो म्हणतो वाऱ्याच्या बी पुढं जातो. मला येडी समजून राहिला का? वाऱ्याच्या पुढं कसं जाईल कुणी?"

सीताफळं कधीच संपली होती. मी बेसिनवरची झिजून चपटी झालेली साबणाची वडी घेतली, ओली केली आणि तिच्या चिमटीत दिली. "दाबा."

साबण सुटला आणि खिडकीच्या काचेवर जाऊन आपटला. शकुंतलाबाईंनी तो उचलून आणला आणि पुन्हा दाबला. पुन्हा. चौथ्यांदा तो थेट जिन्यातून खाली दुकानात गेला आणि साजीदभाई ओरडला. ती तोंडाला पदर लावून हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "मंग पडणारच की. इतक्या जोरात निसटल्यावर." आणि जाताना, "पान्यात उतरायचं तर मला बराबर घेऊन. माझ्या माघारी न्हाई."

शीड मात्र फाटलेलं निघालं. जीपच्या टपावर वाऱ्यानं फडफडून खिडकीला वीतभर चीर गेली होती. ते साजीदभाईकडे आलं. त्यानं ते उजेडात धरलं, वाजवून बघितलं, वास घेतला. "हे कापड नाही अजरा, एक्स-रेची फिल्म आहे," म्हणाला आणि मोठ्या विश्वासानं मशीनवर घेतलं. टाके घातले तिथं सुईच्या भोकांच्या रांगेतून ते आणखी फाटलं. चीर दुप्पट झाली. रणजीत तिथंच उभा होता, त्याचा चेहरा बघवेना. साजीदभाईनं दोन दिवस ते भिंतीला टेकवून ठेवलं, येता-जाता बघितलं. मग सुई बाजूला ठेवून दोन्ही बाजूंनी जाड चिकटपट्टी लावली आणि फक्त कडेला, जिथं खरं कापड होतं तिथं, शिवण मारली. पट्टी पिवळी होती, त्याच्याकडे तीच होती. शीड जखम बांधल्यासारखं दिसायला लागलं.

फेब्रुवारीत एका दुपारी आम्ही इसापूरच्या पाण्यावर गेलो. रणजीत, त्याची आई, परत ड्युटीवर निघालेला ज्ञानोबा, साजीदभाई आणि मी. तांड्याच्या बाजूनं धरणाचं पाणी उथळ पसरलेलं असतं, बरंच आत गेलं तरी छातीपर्यंतच. मासे धरणारे दोघे-तिघे थर्माकोलच्या तराफ्यावर बसून बघत होते. वारा असा काही विशेष नव्हता. रणजीत म्हणाला, येईल. आई म्हणाली, "आलाच." दोघांनी एकाच बाजूला तोंड केलं होतं. मला काहीच जाणवलं नाही. थोड्या वेळानं पाण्यावर काळपट सुरकुत्या सरकत आल्या.

त्या फळीला पायाचे पट्टे नव्हते, ज्ञानोबानं ते मुद्दाम काढून टाकले होते. रणजीत लाइफ जॅकेट घालून चढला.  त्यानं शीड पाण्यातून ओढून उभं केलं, ते वाऱ्यानं भरलं आणि फळी चालू लागली. हळू. एखादी म्हैस पोहत जाईल तशी. समुद्रावर ताशी सत्तरनं जाणारा माणूस म्हशीच्या चालीनं चालला होता आणि त्याच्या तोंडावर लहान पोराची एकाग्रता होती. वळताना तो पडला. शीड त्याच्या शेजारी पडलं, अंगावर नाही. तो उठला, पुन्हा चढला.

असं दोन-तीनदा झाल्यावर तो कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला आणि ज्ञानोबाला म्हणाला, "आता माझ्यावर टाक."

"काय?"

"शीड. मी खाली जातो, तू वरून टाक."

ज्ञानोबानं माझ्याकडे बघितलं, जणू हे माझ्या हद्दीतलं काम होतं.  हे मी सांगितलेलं नव्हतं, कुठल्या पुस्तकातही नव्हतं. मी ज्ञानोबाला एवढंच म्हणाले, "तुम्ही त्यांच्या हाताशी उभे राहा."

रणजीत खाली बसला. शीड त्याच्यावर आडवं झालं आणि पाण्याला चिकटलं. खिडकीच्या पिवळ्या पट्टीखाली त्याचं डोकं अंधूक दिसत होतं. मग मधोमध एक फुगवटा आला, त्याच्या हाताचा, आणि शीड तंबूसारखं वर उचललं गेलं. तो कडेनं बाहेर आला, खोकला, नाक पुसलं. "पुन्हा," म्हणाला. दुसऱ्यांदा तो घाबरून लगेच बाहेर आला. तिसऱ्यांदा आत गेला आणि आतून त्याचा आवाज आला. तो बोलत होता! काय ते कळत नव्हतं, पण शिडाखाली हवा होती आणि तो बोलत होता.

एवढ्यात माझ्या शेजारून शकुंतलाबाई पाण्यात उतरल्या. लुगड्याचा काचा मारून सरळ चालत गेल्या, कमरेपर्यंत. "मला बी दाव, आत काय हाय," म्हणाल्या. रणजीतनं "आई, नको" म्हटलं तोपर्यंत त्या वाकून शिडाखाली गेल्या होत्या. साजीदभाईच्या तोंडून अल्लाचं नाव निघालं. तराफ्यावरची माणसं उभी राहिली. शिडाखाली दोन फुगवटे आले, एक मोठ्या हाताचा, एक बारक्या.

दोघं बाहेर आली तेव्हा तिचा अंबाडा सुटला होता आणि पदर पाण्यावर तरंगत होता. तिनं चेहऱ्यावरून हात फिरवला. "आभाळ पिवळं दिसतंय आतून," ती म्हणाली. "तुमच्या भावानं लावलेल्या पट्टीनं." मग लेकाकडे वळून, पहिल्यांदा त्या गोष्टीबद्दल थेट: "इथं व्हतास तू?"

"इथंच, आई."

"एकलाच?"

"ज्ञानोबा येऊन राहिला होता."

तिनं ज्ञानोबाच्या दंडावर ओला हात ठेवला, बराच वेळ. तो फौजी माणूस, दुसरीकडेच बघत राहिला.

एप्रिलमध्ये रणजीत पलटणीत परत गेला. बोर्डानं त्याला काही काळ हलक्या कामावर ठेवलं. त्या मोसमात टीम पुन्हा त्या वाळूच्या जिभेवर गेली तेव्हा तो सेफ्टी बोट चालवत होता. पुढच्या वर्षी मात्र फळीवर उभा राहिला. मला रोज रात्री नाही, पण वारा असेल त्या दिवशी मेसेज यायचा. पहिले काही दिवस आकडे फार कमी होते. त्यानं पट्ट्यात पाऊल सैल ठेवायला सुरुवात केली होती, त्यामुळं शीड पूर्ण ओढता येत नव्हतं. टीममधले म्हणाले, घट्ट घाल. त्यानं ऐकलं नाही. हळूहळू त्याच सैल पट्ट्यावर रेलायचं कसं ते शोधत गेला.

मोसमाच्या शेवटी फोन आला. मागं इतका वारा होता की निम्मं ऐकू येईना.

"विक्रम राहिला मॅडम! साहेबांचाच आहे अजून!"

"मग एवढे खूश का?"

"माझ्या जुन्या आकड्याच्या पुढं गेलो! थोडंसंच! आणि एकदा मधेच फळी थरथरायला लागली, काहीतरी गडबड वाटली, तेव्हा मी सोडून दिलं. आपणहून. शीड एकीकडे, मी दुसरीकडे. सत्तरच्या वेगात पाण्यावर घसरत गेलो, आईशप्पथ, साबणासारखा. काही लागलं नाही!"

मी शकुंतलाबाईंना फोन लावून हे सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी पुढल्या साली पुन्हा जानार?" मी म्हटलं, बहुतेक. "जाऊ दे," त्या म्हणाल्या. "पर त्या साहेबाचा आकडा किती हाय ते इचारून ठिवा. मला कुणी सांगतच न्हाई."

या दिवाळीत तो महिनाभर सुट्टीवर होता. ती मोठी फळी तांड्यावरच असते, हरिचंदच्या मोटारसायकलशेजारी गोठ्यात. मला म्हणाला, "दोन वर्षं प्रश्न विचारताय मॅडम, एकदा उभ्या राहून बघा." साजीदभाई नको म्हणत होता आणि सोबतही येत होता. मी सलवारीचे पाय वर खोचले, लाइफ जॅकेट घातलं, चढले आणि पडले. पुन्हा चढले, पुन्हा पडले. गुडघ्याला खरचटलं. तराफ्यावरच्या माणसांना आता याची सवय झाली आहे, ती जाळं सोडत राहिली. रणजीत कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून सांगत होता, गुडघे वाकवा, दोरी हळू ओढा, हातांकडे नका बघू. मग केव्हातरी शीड पाण्यातून सुटून वर आलं आणि दोन्ही हातांना कुणीतरी पलीकडून धरून ओढल्यासारखं झालं. कुणी नव्हतं. फळी पायाखालून पुढं सरकली. दहा-बारा हात गेले असेन. तेवढ्यात माझ्या डोक्यात एकदम तीन नवे प्रश्न आले.